प्रबंधाचा साचा आणि परका मजकूर

प्रबंधाचे समास, ठसे आणि ओळींमधील अंतर या गोष्टींविषयी संशोधनपत्रिकेत लिहावे काय, अशी शंका कोणी घेतल्यास ती अगदीच अस्थानी म्हणता येणार नाही. हा विषय आपण प्रथम टंकलेखकावर, पुढे अक्षरजुळणी करून देणाऱ्या दुकानदारावर आणि अलीकडे प्रबंध सादर करण्याच्या आधीच्या आठवड्यावर सोपवीत आलो आहोत. विद्वानाने आशय पाहावा, बाह्यांग इतरांनी सांभाळावे, ही श्रमविभागणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे एक सिद्धांत गृहीत धरलेला आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही. तो सिद्धांत असा की मजकूर निराळा आणि मांडणी निराळी. मांडणी हे मजकुराचे वस्त्र होय आणि ते उतरविल्याने वा बदलल्याने आतील देहास काही इजा पोचत नाही. मराठीतील, त्यातही भाषाविज्ञानातील प्रबंधाच्या बाबतीत हा सिद्धांत जसाच्या तसा खरा नाही, आणि तो खरा मानल्याने प्रबंधातील पुराव्यासच धक्का लागतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रबंध चार-पाच वर्षांत तुकड्यातुकड्यांनी लिहिला जातो. एक प्रकरण घरच्या संगणकावर लिहिलेले असते, दुसरे मुळात एखाद्या परिसंवादातील निबंध असते, क्षेत्रकार्यातील टिपणे त्याहून जुनी असतात आणि काही अवतरणे महाजालावरील पानांतून उचललेली असतात. शेवटी विद्यापीठाकडून वर्डमधील एक साचा हाती येतो आणि हे सारे त्यात ओतावयाचे असते. ओतणे हा शब्द येथे फसवा आहे. प्रत्यक्षात प्रत्येक तुकडा उचलून चिकटविला जातो, आणि चिकटविताना तो तुकडा आपल्या मूळ ठिकाणचे काय बरोबर आणतो व काय मागे टाकतो, याचा निर्णय दर वेळी कोणी तरी करीत असतो. बहुधा तो लेखक नसतो.

कापणे आणि चिकटविणे ही क्रिया मुळात कात्री आणि खळ यांची. संपादक छापील मजकुराच्या पट्ट्या कापून नव्या क्रमाने कागदावर डकवीत असत. लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास 'जिप्सी' ही संपादनप्रणाली रचली, तेव्हा याच क्रियेला त्यांनी पडद्यावर आणले. पण कागदाची पट्टी आपले परकेपण लपवीत नसे. तिच्या कडा दिसत, शाई वेगळी दिसे, आणि स्वच्छ प्रत करताना सारा मजकूर नव्याने टंकलिखित व्हावा लागे. त्या एका श्रमाने सर्व भेद नाहीसे होत. पडद्यावरील पट्टीला कडा नाहीत आणि नव्याने टंकलेखनही होत नाही. म्हणून परका मजकूर वरकरणी मिसळलेला दिसतो, आणि त्याचे परकेपण अनुक्रमणिका तयार करण्याच्या वेळी किंवा परीक्षकाच्या हाती प्रत गेल्यावर उघडे पडते.

याच काळात एक दुसरा विचार आकारास येत होता. ब्रायन रीड यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८० साली पूर्ण केलेल्या प्रबंधाचा विषय असलेली 'स्क्राइब' प्रणाली आणि १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालेली 'एसजीएमएल' ही खुणांची भाषा, या दोहोंचा आग्रह असा की लेखकाने मजकुराचे कार्य सांगावे, रूप सांगू नये. ही ओळ मोठी व ठळक आहे असे न म्हणता ही ओळ प्रकरणाचे शीर्षक आहे असे म्हणावे. शीर्षक कसे दिसावे हे अन्यत्र एकदाच ठरवावे. वर्डमधील 'स्टाइल' ही वस्तू याच विचाराची वंशज होय. (साहित्यसमीक्षेत शैली म्हणजे व्यक्तीचे वेगळेपण आणि वर्डमध्ये स्टाइल म्हणजे सर्वांचे सारखेपण, ही गंमत आमच्या वर्गात दरवर्षी कोणी ना कोणी दाखवून देतोच.) भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा भेद समजावून सांगण्याची गरज पडू नये. विभक्ती निराळी आणि प्रत्यय निराळा, हे तो पहिल्या वर्षी शिकतो. ओळ ठळक करून तिला शीर्षक समजणे म्हणजे प्रत्यय पाहून विभक्ती ठरविणे होय. वाचकास ते चालून जाते. यंत्रास चालत नाही, आणि मग स्वयंचलित अनुक्रमणिकेत नेमके तेच शीर्षक गळते.

इतके मान्य केल्यावर कोणी म्हणेल की प्रश्न सुटला. मांडणी साच्याने द्यावी, मजकूर शुद्ध मजकूर म्हणून चिकटवावा. 'कीप टेक्स्ट ओन्ली' हा पर्याय त्यासाठीच आहे. मार्गदर्शकही हाच सल्ला देतात आणि प्रस्तुत लेखकानेही तो अनेक वर्षे दिला. तो सल्ला अपुरा आहे असे पहिल्यांदा कळले ते जुन्या फॉन्टांतील मजकुरामुळे.

युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी अक्षरजुळणी ज्या फॉन्टांनी चाले, त्यांपैकी बहुतेकांत संगणकाच्या दृष्टीने मराठी अक्षर असे काही नव्हतेच. साठविले जात ते रोमन अक्षरांचे व चिन्हांचे संकेतांक. फॉन्ट त्या संकेतांकांच्या जागी देवनागरीचे तुकडे रेखाटी. कान्याचा एक तुकडा, अर्ध्या अक्षराचा दुसरा, वेलांटीचा तिसरा. पहिली वेलांटी कागदावर व्यंजनाच्या आधी दिसते म्हणून ती साठविलीही व्यंजनाच्या आधीच जाई. उच्चाराच्या क्रमाशी तिचा काही संबंध नसे. असा मजकूर शुद्ध मजकूर म्हणून साच्यात चिकटवा, आणि मराठीच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक रांग उभी राहते. आमच्या एका विद्यार्थ्याची पंधरा वर्षांपूर्वीची बोलीविषयक टिपणे अशीच एका क्षणात अवाच्य झाली होती. मूळ धारिका शाबूत होती म्हणून बरे. येथे फॉन्ट हे वस्त्र नव्हतेच. अक्षराची ओळख फॉन्टमध्येच राहत होती, आणि फॉन्ट काढल्यावर आत देह उरला नाही.

युनिकोडने ही ओळख फॉन्टमधून काढून संकेतांकात ठेविली. 'क' हा कोणत्याही फॉन्टात 'क' राहतो, आणि वेलांटी दिसो कोठेही, साठविली जाते ती व्यंजनानंतर. म्हणून जुनी टिपणे आधी रूपांतरित करावी, ती मूळ प्रतीशी ताडून पाहावी आणि नंतरच साच्याजवळ न्यावी, हा क्रम उलटविता येत नाही. तथापि युनिकोडनंतरही ओळख पूर्णपणे फॉन्टाबाहेर आली असे नाही. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' यांना स्वतंत्र संकेतांक नाहीत. हिंदी वळण व मराठी वळण यांचा संकेतांक एकच; काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात, आणि मजकुराला लागलेली भाषेची खूण पाहून त्यांतील एक निवडण्याची सोय असते. मजकुरावर हिंदीची खूण असली तर त्याच फॉन्टात मराठी प्रबंधाचे एक पान हिंदी वळणाचे दिसू शकते. महाराष्ट्र शासनाने २००९ साली देवनागरी वर्णमालेविषयी निर्णय काढून मराठी वळणे मान्य केली. परंतु चिकटविताना भाषेची खूण कोणती आली हे कोणी पाहत नाही.

आता उरलेले पर्याय पाहू. 'कीप सोर्स फॉरमॅटिंग' हा सनातनी आहे. तुकडा होता तसा आणावा, त्याचे ठसे, आकार, अंतर सारे राखावे. साच्यात नसलेली एखादी स्टाइल त्या तुकड्यात असेल तर तीही पाहुण्याबरोबर येते व कायमची राहते; दहा प्रकरणे अशी आणली की साच्यातील स्टाइलींची यादी ओळखू येत नाही. याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

'मर्ज फॉरमॅटिंग' मात्र विचार करण्यासारखा आहे, कारण त्यामागे मजकुराविषयीचे एक मत आहे. या पर्यायाने बहुतेक थेट मांडणी टाकून दिली जाते, परंतु जी मांडणी 'भर देण्यासाठी' केलेली दिसते, म्हणजे ठळक वा तिरपा ठसा, ती राखली जाते. ती भर देण्यासाठी आहे हे ओळखावयाचे कसे? तर निवडलेल्या मजकुराच्या एका भागालाच ती असली म्हणजे ती भर. सर्वच मजकुराला असली तर ती केवळ सजावट. कसोटी चतुर आहे. जेथे सारेच ठळक तेथे काहीच ठळक नाही, ही गोष्ट आपणही मान्य करू. परंतु परिणाम पाहा. परिच्छेदाच्या मधोमध आलेले तिरप्या ठशातील बोलीरूप परिच्छेदासह उचलले तर तिरपे राहते. तेच रूप स्वतंत्र ओळीवर उदाहरण म्हणून दिलेले असेल आणि ती ओळ एकटीच उचलली तर त्याचा तिरपेपणा जातो. एकच रूप, एकच कार्य, आणि त्याचे भवितव्य ठरते ते उचलणाऱ्याने उंदीर कोठून कोठवर ओढला यावर. याखेरीज चिकटविलेला मजकूर खटक्याच्या लगेच आधी असलेल्या मजकुराचे थेट गुणही घेतो. शेजारच्या ध्वनीचा गुण घेणारे व्यंजन आपल्याला नवे नाही; परंतु तेथे नियम असतो व तो सर्वत्र लागतो. येथे खटका कोठे उभा होता, यापलीकडे नियम नाही.

भाषाविज्ञानातील प्रबंधास हे अधिक बाधते याचे कारण उघड आहे. आपल्या शास्त्रात ठशाला अर्थ असतो. तिरपा ठसा म्हणजे 'हा शब्द मी वापरीत नाही, त्याविषयी बोलत आहे' अशी खूण. 'घोडा धावतो' या वाक्यात घोडा धावतो. "घोडा पुल्लिंगी आहे" या विधानात धावणारा घोडा नसून तो शब्द अभिप्रेत आहे. ठसा गेला की विधानाचा विषयच बदलतो. शेकडो उदाहरणांच्या प्रबंधात असे पन्नास ठिकाणी झाले, तर परीक्षकास कोणते रूप निवेदकाचे आणि कोणते संशोधकाचे हे कळेनासे होते. प्रस्तुत लेखकाच्या हाती परीक्षणासाठी आलेल्या एका प्रबंधात हेच झाले होते. लेखिका सावध अभ्यासक होती. तिची चूक इतकीच की तिने शेवटच्या आठवड्यात सर्व मजकूर निवडून कंट्रोल आणि स्पेसबार या कळा दाबल्या. त्यामुळे परके फॉन्ट गेले, हे खरे. त्यांच्याबरोबर वर्णनभाषा आणि वर्ण्यभाषा यांतील सीमारेषाही गेली.

येथे एक उपप्रश्न निघतो. तिरपा ठसा देवनागरीस मुळात शोभतो काय? रोमनमधील तिरपे अक्षर हे नुसते कललेले अक्षर नव्हे. व्हेनिसच्या आल्डुस मानुटियुसने १५०१ च्या सुमारास ते छपाईत आणले तेव्हा त्यामागे हस्ताक्षराचे एक स्वतंत्र वळण होते. देवनागरीस असा पूर्वज नाही. वर्डमध्ये दिसणारे तिरपे देवनागरी अक्षर हे बहुधा उभ्या अक्षरास यंत्राने दिलेला कल असते. म्हणून मराठीत लिहिणाऱ्यांनी उदाहृत रूप एकेरी अवतरणचिन्हांत द्यावे, ही जुनी रीत आम्हांस अधिक पसंत आहे, आणि चिकटविण्याच्या प्रश्नाने तिला एक नवे समर्थन मिळते. अवतरणचिन्ह हे अक्षर आहे, मांडणी नव्हे. कोणताही पर्याय निवडा, ते टिकते. अर्थात तेथेही सरळ आणि वळणदार अशी दोन प्रकारची चिन्हे एकाच प्रबंधात मिसळतातच. परंतु ती विसंगती डोळ्यांस खुपणारी आहे, अर्थ बिघडविणारी नव्हे.

आतापर्यंत दोष चिकटविणाऱ्यावर आणि प्रणालीवर टाकला. साच्याकडे पाहिले तर त्याचा वाटा लहान नाही. मराठी प्रबंधांसाठी दिले जाणारे पुष्कळ साचे इंग्रजी प्रबंधांच्या साच्यांच्या प्रती असतात. वर्ड प्रत्येक स्टाइलमध्ये रोमनसाठी एक फॉन्ट आणि देवनागरी, अरबी आदी लिपींसाठी दुसरा फॉन्ट नोंदविते; आकार आणि ठळकपणाही दोन्हींचे वेगवेगळे असतात. साचा रचणाऱ्याने रोमन बाजूस 'टाइम्स न्यू रोमन, १२' असे लिहून दुसरी बाजू तशीच सोडली, तर मराठी मजकूर कोणत्या फॉन्टात व आकारात उमटेल हे साच्याने ठरविलेलेच नसते. ते त्या त्या संगणकाच्या मूळ योजनेवर सोपविलेले असते. मग विद्यार्थी प्रत्येक परिच्छेद हाताने दुरुस्त करतो, म्हणजे थेट मांडणीचा थर चढवितो, आणि पुढील चिकटविण्यात तो थर पुन्हा गोंधळ घालतो. साचा सदोष असताना साचा पाळण्याची सक्ती करणे म्हणजे हीच थेट मांडणी करण्याची सक्ती होय. येथे मराठीची एक विशेष अडचणही आहे. मराठी गद्यात वाक्य दंडाने संपत नाही, पूर्णविरामाच्या टिंबाने संपते, आणि ते टिंब, स्वल्पविराम, कंस ही चिन्हे रोमनशी सामाईक आहेत. त्यामुळे देवनागरी वाक्याच्या शेवटी रोमन फॉन्टाचे टिंब उमटणे सहज शक्य असते. दोन्ही लिपी सांभाळणारा एकच फॉन्ट दोन्ही रकान्यांत लिहिला तर हा प्रश्न बव्हंशी मिटतो. इतकी साधी गोष्ट साचा करणाऱ्यांना सुचत नाही, कारण साचा करणाऱ्याने त्यात मराठीचा एक परिच्छेदही टंकलिखित करून पाहिलेला नसतो.

काही भेद मात्र कोणत्याही साच्याच्या आवाक्यात नाहीत, कारण ते मांडणीच्या खाली, संकेतांकांतच असतात. 'ॲ' या अक्षरास युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, २००८ साली, स्वतंत्र संकेतांक मिळाला. त्यापूर्वीचा मजकूर 'अ' आणि चंद्र जोडून लिहिलेला आहे, आणि आजही अनेक कळफलकांवरून तसाच लिहिला जातो. दिसावयास दोन्ही सारखे. शोध घेतला तर एकाने दुसरा सापडत नाही, आणि शब्दसूची केली तर एकच शब्द दोनदा येतो. 'ऱ्य' या जोडाक्षराचेही तसेच. ते 'ऱ' पासून लिहिता येते, आणि 'र' नंतर हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह घालूनही लिहिता येते. मजकूर एका प्रणालीतून दुसरीत जाताना मध्ये एखाद्या गाळणीने ते अदृश्य चिन्ह निरुपयोगी म्हणून काढून टाकले, तर 'दऱ्या' चे 'दर्या' होते, आणि 'आचाऱ्यांना दक्षिणा दिली' हे वाक्य 'आचार्यांना दक्षिणा दिली' असे होऊन बसते. व्याकरणदृष्ट्या दोन्ही निर्दोष असल्याने वाचणाऱ्यास संशयही येत नाही. ज्या प्रबंधात याच दोन जोडाक्षरांचा विरोध पुरावा म्हणून मांडला असेल, तेथे मग काय उरेल?

यावर उपाय म्हणून चिकटविण्याचा योग्य पर्याय शोधीत बसणे व्यर्थ आहे. चिकटविण्याच्या क्षणी फार उशीर झालेला असतो. काम आधीचे आहे. साचा प्रबंधाच्या अखेरीस नव्हे, पहिल्या प्रकरणाच्या आधी घ्यावा. उदाहृत रूप, त्याचा अर्थ, स्वतंत्र ओळीवरील उदाहरण, अवतरण या प्रत्येकासाठी नावाची स्टाइल करावी, आणि टिपणे लिहितानाही तीच नावे वापरावी. दोन धारिकांत एका नावाची स्टाइल असली आणि चिकटविताना 'यूज डेस्टिनेशन स्टाइल्स' हा पर्याय घेतला, की नाव येते आणि रूप साच्याचे लागते. 'उदाहृत रूप' हे उदाहृत रूपच राहते, ते तिरपे दिसो वा ठळक. परिच्छेदाची सारी मांडणी त्याच्या शेवटच्या, एरवी न दिसणाऱ्या परिच्छेदचिन्हात साठविलेली असते, आणि विभागाचे समास व पानाची दिशा विभागखंडाच्या चिन्हात. म्हणून ही चिन्हे दृश्य करून घ्यावी, आणि तुकडा उचलताना शेवटचे चिन्ह हवे की नको हे पाहून उचलावा. एका आडव्या तक्त्यामुळे संपूर्ण प्रकरण आडवे झाल्याचे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे महत्त्व सांगावे लागणार नाही. जोडाक्षरे व 'ॲ' यांची एकरूपता शोध-बदल करून प्रत्येक प्रकरणात निराळी तपासावी, सगळे एकत्र केल्यावर नव्हे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांपासून प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करावी लागते आणि ती शोधगंगेवर जाते. छापील प्रत चार जणांनी वाचली. संगणकीय प्रतीत कोणीही, कोठूनही, एखादे बोलीरूप शोधू शकतो, आणि ते रूप जर दोन निरनिराळ्या संकेतांकांनी लिहिलेले असेल तर त्यास अर्धाच पुरावा मिळेल व तो अर्धा आहे हे त्यास कळणारही नाही. आमच्या विभागाच्या साच्यात 'उदाहृत रूप' व 'रूपाचा अर्थ' या दोन स्टाइली आणि देवनागरीचा भरलेला रकाना असावा, अशी लेखी सूचना प्रस्तुत लेखकाने केली आहे. साच्याच्या पहिल्या पानावर नमुना म्हणून आचाऱ्यांचे आणि आचार्यांचे असे एकेक वाक्य ठेवावे, असेही तीत म्हटले आहे. साचा बिघडला असल्यास तो त्याच पानावर कळेल.